भांडायचं झालं तर कोणाशी?

दिवाळीच्या तोंडावर माझ्या मावशीने मोबाइलवर एक पैठणी पाहिली. मोरपंखी रंग, पदरावर मोर, किंमत १,९९९ रुपये. ‘येवल्याच्या विणकराकडून थेट तुमच्या घरी’ असं वर लिहिलेलं आणि खाली घड्याळ उलटं धावत होतं: सवलत संपायला चाळीस मिनिटं. तिने यूपीआयने पैसे भरले. बारा दिवसांनी पार्सल आलं. त्यात एक विटलेली नायलॉनची ओढणी होती. फोन लावला तर बंद. जाहिरात शोधली तर ते पानच नाहीसं झालेलं. हे तिने मला सांगितलं ते संक्रांतीला, तेही बोलता बोलता तोंडून निघून गेलं म्हणून. ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘अगं, सांगून काय होणार? भांडायचं तरी कोणाशी?’

तिचा हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. लक्ष्मी रोडवर किंवा दादरला साडी घेतली आणि पहिल्या धुण्यात रंग गेला, तर आपण पावती घेऊन दुकानात जातो. कधी बदलून मिळते, कधी नुसती हुज्जत होते, पण समोर माणूस असतो. दुकानाला दार असतं, पाटी असते, शेजारी दुसरं दुकान असतं, आणि चार गिऱ्हाइकांसमोर आवाज चढलेला कोणत्याच दुकानदाराला आवडत नाही. या भांडणाच्या शक्यतेवरच बाजाराचा प्रामाणिकपणा तोललेला असतो. ऑनलाइन बाजारात नेमकी ती शक्यता हरवते, आणि भामटा तिथेच शिरतो. या क्षेत्रातल्या फसवणुकींचे प्रकार रोज नवे वाटले, तरी त्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारता येतो: उद्या भांडायचं झालं तर कोणाशी?

प्रश्न किती मोठा आहे? राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि १९३० या मदतवाहिनीवर आलेल्या तक्रारींनुसार, २०२४ या एका वर्षात देशातल्या लोकांनी सायबर फसवणुकीत २२ हजार ८०० कोटींहून अधिक रुपये गमावले, असं सरकारने संसदेत सांगितलं. आदल्या वर्षी हा आकडा साडेसात हजार कोटींच्या आसपास होता. यात गुंतवणुकीचे सापळे आहेत, ‘डिजिटल अरेस्ट’ आहे, खरेदीतली फसवणूकही आहे. पण मावशीचे १,९९९ रुपये त्यात नाहीत, कारण तिने तक्रारच केली नाही.

दुकानच खोटं

सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त चालणारा प्रकार म्हणजे खोटं संकेतस्थळ. तयार साचे वापरून असं दुकान दोन-तीन तासांत उभं राहतं. नामांकित कंपनीचं बोधचिन्ह, तिचेच फोटो, ऐंशी-नव्वद टक्के सूट आणि समाजमाध्यमांवर पैसे भरून केलेली जाहिरात. सणाच्या दिवसांत ही दुकानं उगवतात आणि पैसे गोळा झाले की मिटतात.

इथे एक जुना सल्ला आता मोडीत काढायला हवा: ‘पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की संकेतस्थळ सुरक्षित.’ त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यातला संवाद मधल्या कोणाला वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलं आहे, हे ते कुलूप सांगत नाही. चोराच्या दुकानालाही ते फुकट मिळतं. हा गैरसमज इतका पसरला, की गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्हच काढून टाकलं.

पाहायचा असतो तो पत्ता. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, डॉट कॉम किंवा डॉट इनच्या लगेच डावीकडे जे नाव असतं, तेच दुकानाचं खरं नाव. प्रसिद्ध कंपनीचं नाव त्याआधी लिहून पुढे भलताच शब्द जोडलेला असेल, तर ते दुकान त्या भलत्याच शब्दाच्या मालकाचं आहे. एका अक्षराचा फरकही नजरेतून निसटतो. इंग्रजीतले आर आणि एन शेजारी आले की घाईत एम वाटतात. म्हणून जाहिरातीतल्या दुव्यावरून आत न शिरता कंपनीचं ॲप स्वतः उघडावं, किंवा पत्ता स्वतः टंकावा. जाहिरातीतली ‘ऑफर’ खरी असेल, तर ती तिथेही दिसेलच.

यानंतर शोधायचा तो भांडायचा पत्ता. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार प्रत्येक ऑनलाइन दुकानाला आपलं कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, संपर्काची साधनं आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव ठळकपणे द्यावं लागतं. या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. ज्या संकेतस्थळावर फक्त व्हॉट्सॲप क्रमांक आणि एक ईमेल आहे, त्याने हा नियम पहिल्याच पायरीवर मोडलेला असतो. जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट तपासता येतो. पंधरा अक्षरांच्या त्या क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्य सांगतात: महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. येवल्याच्या विणकराचा म्हणून दिलेला क्रमांक दुसऱ्याच आकड्यांनी सुरू होत असेल, तर तिथेच थांबावं.

मात्र क्रमांक नाही म्हणजे भामटेगिरी, असंही नाही. घरून मसाले, फराळ किंवा गोधड्या विकणाऱ्या असंख्य बायकांची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेत येत नाही. या भामट्यांमुळे त्यांच्यावरचाही विश्वास उडावा, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. खरी घरगुती विक्रेती ओळखता येते. ती फोन उचलते, राहण्याचं ठिकाण सांगते, माल हातात धरून व्हिडिओ कॉलवर दाखवते, कोणाच्या तरी ओळखीची निघते. थोडक्यात, तिच्याशी भांडता येतं.

दुकान खरं, माल खोटा

मोठ्या नावाजलेल्या बाजारपेठेवर खरेदी केली म्हणजे सुटलो, असंही नाही. तिथे माल बहुतेक वेळा तिसऱ्याच विक्रेत्याचा असतो. वस्तूच्या पानावर ‘विक्रेता’ म्हणून कोणाचं नाव आहे हे आपण क्वचितच वाचतो. दादरच्या बाजारात मात्र पाटी न वाचता आपण दुकानात पाऊल टाकत नाही.

अस्सलपणाच्या खुणा आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्या वापरायला शिकलं पाहिजे. सोन्याच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक बंधनकारक आहे. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिन्याची माहिती समोर येते. प्रेशर कुकर, हेल्मेट यांवर आयएसआय चिन्ह हवंच. २०२२ मध्ये हे चिन्ह नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बड्या ऑनलाइन कंपन्यांनाही दंड केला होता. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना असतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते कोकणपट्टीच्या पाच जिल्ह्यांपुरतं आहे: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. फेब्रुवारीतच ‘देवगड हापूस’ निम्म्या भावात देणाऱ्याला बाग कुठे आहे एवढं विचारलं, तरी बरंच कळतं.

पैठणीचं तर गणितच सांगून जातं. हातमागावर रेशमाची पैठणी विणायला कित्येक आठवडे, नक्षी दाट असेल तर महिने लागतात. ती दोन हजारांत मिळूच शकत नाही. खऱ्या पैठणीच्या काठ-पदराची उलटी बाजू सुलट बाजूसारखीच स्वच्छ असते, सुटे धागे लोंबत नाहीत. फोटोत उलटी बाजू दाखवा म्हटल्यावर विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर उत्तर मिळालंच.

ग्राहकांचे अभिप्राय ही आणखी एक फसवी खूण. पैसे देऊन लिहून घेतलेल्या अभिप्रायांचा सुळसुळाट पाहून भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये त्यासाठी वेगळं मानक काढलं, पण ते स्वेच्छेचं आहे. म्हणून पाच ताऱ्यांपेक्षा दोन-तीन तारे देणाऱ्यांचं म्हणणं आधी वाचावं. काय बिघडलं, आणि बिघडल्यावर कंपनीने काय केलं, हे तिथे लिहिलेलं असतं.

दुकान आणि दार यांच्या मध्ये

तिसरा प्रकार वाटेतला. खरेदी खरी असते, फसवणारा मध्येच घुसतो. ‘तुमचं पार्सल पत्ता अपुरा असल्याने अडकलं आहे, पाच रुपये भरा’ असा टपाल खात्याच्या नावाने संदेश येतो. पाच रुपयांसाठी कार्डाचा तपशील भरला, की खातं रिकामं होतं. दारात किंवा फोनवर कोणीतरी म्हणतं, ‘तुमचं पार्सल आहे.’ आपण मागवलेलं नसतं, तसं सांगतो. ‘मग रद्द करायला ओटीपी सांगा.’ तो ओटीपी भलत्याच व्यवहाराचा असतो. कधी कुरिअरवाला म्हणून बोलणारा माणूस *२१* ने सुरू होणारा कोड डायल करायला सांगतो. त्याने आपले कॉल त्याच्या फोनवर वळतात, आणि बोलून सांगितला जाणारा ओटीपी त्याला ऐकू जातो. अशी शंका आली तर ##००२# डायल केल्यावर वळवलेले कॉल रद्द होतात.

सगळ्यात घातक म्हणजे खोटा ‘कस्टमर केअर’. वस्तू परत करायची म्हणून आपण इंटरनेटवर क्रमांक शोधतो आणि वर दिसणारा पहिलाच लावतो. भामट्यांनी तिथे स्वतःचे क्रमांक पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा आवाज अदबीने बोलतो, ‘रिफंडसाठी’ एक ॲप उतरवायला लावतो, आणि आपल्या फोनचा पडदा त्याच्यासमोर उघडा होतो. असल्या ॲपविषयी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. इथे आपण भांडायलाच निघालेलो असतो, पण चोराच्याच दारात जाऊन उभे राहतो. म्हणून कंपनीचा क्रमांक तिच्या ॲपमधूनच किंवा बिलावरूनच घ्यायचा. आणि व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, मग ती पार्सलची स्थिती दाखवणारी असो की लग्नाची पत्रिका, उघडायची नाही.

विकणाऱ्यालाही हे भामटे सोडत नाहीत. जुना सोफा विकायला काढला, की सैन्यातला जवान असल्याचं सांगणाऱ्याचा फोन येतो. तो भाव करत नाही, येऊन बघत नाही, लगेच ‘पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ म्हणतो. घराघरात सांगावी अशी एकच गोष्ट: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. अशा व्यवहारात यूपीआय पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. याच मार्गाने लोक फसत होते, म्हणून व्यक्तीकडून व्यक्तीकडे पैसे मागण्याची विनंती पाठवण्याची सोय राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. क्यूआरचा धोका मात्र आहे तिथेच आहे.

नाव असलेल्यांची चलाखी

काही फसवणूक नामांकित ॲपही करतात. ‘फक्त दोन शिल्लक’, ‘१७ जण हेच पाहत आहेत’ असली खोटी घाई, टोपलीत न विचारता टाकलेला विमा किंवा देणगी, शेवटच्या पानावर फुगणारी किंमत, घेताना एका टिचकीत मिळणारं आणि सोडताना सात पानं फिरवणारं सदस्यत्व. यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी असे १३ प्रकार नावानिशी सांगून ते अनुचित व्यापारी प्रथा ठरवले. दर महिन्याला आपोआप पैसे कापणाऱ्या सदस्यत्वांसाठी, पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो संदेश न वाचता पुसून टाकू नये. या चलाखीविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार करता येते. इथे भांडायला माणूस आहे, आपणच आळस करतो.

पैसे कोणत्या वाटेने द्यावेत

पैसे देण्याच्या प्रत्येक मार्गावर आपल्या बाजूने उभं राहणारं कोणी आहे का, हे पाहावं. यूपीआय ही आपल्या देशाने २०१६ मध्ये उभी केलेली अभिमानास्पद व्यवस्था आहे, पण तिचा वेग हीच इथे अडचण ठरते. पैसे क्षणात समोरच्याचे होतात. अनोळखी दुकानाला थेट यूपीआयने आगाऊ पैसे देणं म्हणजे रोख पाकिटात घालून अनोळखी माणसाच्या हाती देणं. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात माल आला नाही किंवा भलताच आला, तर बँकेमार्फत व्यवहाराला हरकत घेता येते, ‘चार्जबॅक’ मागता येतो. घरपोच रोख चांगली वाटते, पण पैसे आधी आणि पार्सल उघडणं नंतर, असं असेल तर ती ओढणीपासून वाचवत नाही. दारात उघडून दाखवण्याची सोय असेल तिथे ती घ्यावी, एरवी पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढावा.

आणखी दोन सवयी. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी पडद्यावर बँकेत नोंदलेलं नाव येतं, ते दुकानाच्या नावाशी जुळतं का हे पाहायचं. पैठणीच्या दुकानाचे पैसे कोणा अनोळखी व्यक्तीच्या वैयक्तिक खात्यात जात असतील, तर ते बहुधा भाड्याने घेतलेलं खातं असतं. आणि ऑनलाइन खरेदीसाठी मोजकीच रक्कम ठेवलेलं वेगळं खातं वापरायचं. आयुष्याची पुंजी असलेलं खातं बाजारात घेऊन फिरू नये.

घडून गेल्यावर

फसवणूक कळल्यावर पहिला तास सगळ्यात मोलाचा. भामट्याकडे गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात उड्या मारत शेवटी एटीएममधून निघतात. १९३० वर फोन केला, की माहिती संबंधित बँकांकडे जाते आणि वाटेत असलेली रक्कम गोठवता येते. म्हणून आधी १९३०, लगेच आपली बँक, मग सायबर गुन्हे पोर्टलवर सविस्तर तक्रार. व्यवहाराचा क्रमांक, जाहिरातीचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट, पार्सलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता, काहीही फेकू नये. गुन्हा कुठे घडला हा वाद न घालता कोणत्याही पोलीस ठाण्यात ‘झीरो एफआयआर’ नोंदवता येतो.

आपल्या संमतीशिवाय पैसे गेले असतील, तर रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या बाजूने आहे. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून अन्य कुठल्या तरी त्रुटीमुळे पैसे गेले आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच भार नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर त्याची जबाबदारी ठरावीक रकमेपुरती राहते. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही विनाशुल्क.

विक्रेता खरा असून दाद देत नसेल, तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी गोष्ट केली: विक्रेता गुरुग्राममध्ये असो की बंगळुरूमध्ये, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षांची.

ओझं कोणाच्या खांद्यावर?

इथवर वाचून वाटेल, की सगळी व्यवस्था आहे, ग्राहकाने फक्त जागरूक राहावं. पण मावशीची गोष्ट या व्यवस्थेच्या भगदाडातून खाली पडते. २०१७ चं परिपत्रक संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तिने तर स्वतःच पिन टाकून पैसे दिले होते. फसवून घेतलेली संमती बँकेच्या लेखी संमतीच ठरते. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून याच प्रकारासाठी नियम केला: फसवून स्वतःच्या हाताने पाठवायला लावलेले पैसे, ८५ हजार पौंडांच्या मर्यादेत, बँकांनी ग्राहकाला परत द्यायचे आणि तो भार पाठवणाऱ्या व घेणाऱ्या बँकेने निम्मा निम्मा उचलायचा. त्यामुळे चोराचं खातं उघडू देणाऱ्या बँकेलाही झळ बसते. खोटी जाहिरात पैसे घेऊन दाखवणाऱ्या समाजमाध्यमाला आपल्याकडे अशी झळ क्वचितच बसते, ते ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ म्हणून बाजूला होतं. ज्याने जाहिरातीचे पैसे घेतले आणि ज्याने चोराला खातं दिलं, त्यांनाही भांडणात ओढता आलं पाहिजे. माणसाला सावध राहायला सांगणं गरजेचं आहे, पण सगळं ओझं साठी ओलांडलेल्या बाईच्या सावधपणावर टाकणं हा न्याय नव्हे.

असं भांडण आपल्या मातीला नवं नाही. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तेव्हा ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता, तो १९८६ मध्ये आला. भेसळ आणि साठेबाजीपुढे एकटं गिऱ्हाईक हतबल होतं, म्हणून शेजारपाजारच्या बायका एकत्र बसून याद्या करू लागल्या, माल एकत्र घेऊ लागल्या. आज ती जागा सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहाने घ्यायला हवी. अनोळखी दुकानाला पैसे देण्याआधी तिथे एकदा विचारायचं, आणि फसलो तर तिथेच सर्वांत आधी सांगायचं.

कारण चोराचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे फसलेल्याची लाज. हजार-दोन हजारांसाठी कोण बोंब मारणार, लोक हसतील, मुलं फोन काढून घेतील, या भीतीवर त्याचा धंदा चालतो. दोन हजार रुपये गमावलेली हजारो माणसं गप्प बसली, तर त्याचे कोट्यवधी होतात आणि त्याचं खातं सुरू राहतं.

संक्रांतीच्या त्या संध्याकाळी मी आणि मावशीने मिळून सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरली. पैसे मिळण्याची आशा जवळजवळ नव्हती, तीन महिने उलटून गेले होते. पण ते ज्या खात्यात गेले त्याची नोंद झाली, तोच खाते क्रमांक दुसऱ्या कोणाच्या तक्रारीत आला तर दोन्ही जुळतील. तक्रार क्रमांक आल्यावर मावशीने तो वहीत लिहून घेतला. मग घरच्या समूहावर त्या ओढणीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘मी फसले, तुम्ही फसू नका.’ रात्रीपर्यंत माझ्या दोन मामेबहिणींनी आणि एका काकांनी आपापल्या गोष्टी लिहिल्या. तोवर कोणीच कोणाला सांगितलं नव्हतं.